वजनकाट्याचा आकडा पडद्यावर अडकतो

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमचा वजनकाटा आहे. पावत्यांसाठी विंडोज ९८ चा जुना पेंटियम-टू वापरतो. माउस कॉम-१ या सिरियल पोर्टला, काट्याच्या इंडिकेटरची वायर कॉम-२ ला. नवा विंडोज १० चा संगणक घेतला, त्याला जोडायला म्हणून जुन्यात लॅन कार्ड टाकलं. तेव्हापासून उसाची ट्रॉली काट्यावरून उतरली तरी पडद्यावर तेच वजन राहतं, इंडिकेटरवर मात्र शून्य येतं. कार्ड काढलं की सगळं सुरळीत. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकलं, फरक नाही. आता तो इंडिकेटर उघडू म्हणतोय. कार्डाचा फोटो सोबत आहे.

उत्तर : आधी त्याला थांबवा. इंडिकेटरला वैधमापन म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं सील असतं; ते तुटलं तर ऐन हंगामात पुन्हा पडताळणी करून घेत बसाल. आणि उघडायचं कारणच नाही. ट्रॉली उतरल्यावर इंडिकेटर शून्य दाखवतोय, म्हणजे काटा खरं बोलतोय. बहिरा झालाय तो संगणक.

फोटोतलं कार्ड काळ्या लांब स्लॉटचं, म्हणजे जुन्या आयएसए पद्धतीचं आहे, आणि चिपवर आरटीएल८०१९एएस वाचता येतंय. एनई२००० या जुन्या लॅन कार्डाच्या घराण्यातली ही कार्डं बऱ्याचदा पत्ता ३०० (प्रोसेसर कार्डाशी जिथून बोलतो ती जागा) आणि आयआरक्यू ३ वर असतात. कॉम-२ चा आयआरक्यूही ३च! आयआरक्यू म्हणजे 'इकडे बघ' असं प्रोसेसरला सांगायची तार. आयएसएवर एका तारेवर दोघांचं जमत नाही: कार्ड गप्प असतानाही ती तार खाली ओढून धरतं, आणि कॉम-२ ची हाक वर पोचतच नाही. विंडोज पुन्हा टाकून काय होणार होतं? ही सेटिंग कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये लिहिलेली असते. त्या कामाचे पैसे घेतले असतील तर ते फुकट गेले, स्पष्टच सांगतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या 'कॉम्प्युटर'वर डबल क्लिक करा, आयआरक्यूंची यादी येईल. ५ बहुतेक साउंड कार्डाने घेतलेला असतो. १० मोकळा दिसला तर तोच घ्या. मग संगणक डॉस मोडमध्ये सुरू करून कार्डाच्या फ्लॉपीवरचा आरसेट८०१९ प्रोग्रॅम चालवा, जंपरलेस (म्हणजे सेटिंग प्रोग्रॅममधूनच) निवडा, आयआरक्यू १० करा, पत्ता ३०० राहू द्या. बायॉसच्या (संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगच्या) पीएनपी/पीसीआय पानावर १० पुढे 'लेगसी आयएसए' ठेवा, नाहीतर बायॉस तो एखाद्या पीसीआय (आयएसएनंतर आलेल्या पद्धतीच्या) कार्डाला देऊन टाकेल. शेवटी विंडोजमध्ये कार्डाच्या रिसोर्सेसमध्ये ऑटोमॅटिकची खूण काढून तिथेही १० टाका. ही शेवटची पायरीच लोक विसरतात आणि कार्डाला नावं ठेवतात. नंतर संगणक पूर्ण बंद करून चालू करा. ट्रॉली काट्यावर असताना नव्या संगणकावरून पिंग (जोडणी तपासायची कमांड) चालू ठेवा आणि आकडा हलतो का ते बघा.

कोणी 'इंडिकेटर कॉम-३ ला लावा' म्हणालं तर ऐकू नका. कॉम-१ आणि कॉम-३ दोघांचा आयआरक्यू ४. पावती करताना माउस गोठेल.

फ्लॉपी सापडत नसेल किंवा ड्राइव्ह वाचत नसेल तर या सगळ्यात पडू नका. मदरबोर्डवर पांढरा आखूड पीसीआय स्लॉट रिकामा असेल, तर जुन्या बाजारातून आरटीएल८१३९ चं कार्ड आणा. त्याचा आयआरक्यू बायॉसच ठरवतो. खरं तर मी असतो तर पहिल्यापासून हेच केलं असतं.

दोन्ही जोडले गेल्यावर पुढची अडचण येईल ती आत्ताच सांगून ठेवतो. विंडोज १० मध्ये जुनी एसएमबी-१ शेअरिंग सहसा बंदच असते, त्यामुळे विंडोज ९८ चा फोल्डर उघडणार नाही. ती चालू करण्यापेक्षा नव्या संगणकावर छोटा एफटीपी (फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) सर्व्हर ठेवा आणि जुन्यातून रोजची फाइल तिकडे पाठवा. विंडोज ९८ मध्ये एफटीपीची कमांड आयतीच आहे. जुना संगणक मात्र इंटरनेटला लावू नका.