आधी जमीन बघा, मग लेआउट काढा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण स्थानिक बांधकाम नियमांमध्ये निसर्गाचे अधिवास कसे वाचवता येतात यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली. काही चिडून लिहिलेली, काही अगदी पोटतिडकीने. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न: वन्यजीवांसाठी देशाचे कायदे आहेतच की. मग नगरपालिका किंवा ग्रामपातळीवरच्या बांधकाम नियमांवर एवढा भर कशासाठी? तिथे बसलेल्या इंजिनिअरला बेडूक आणि पक्ष्यांमधलं काय कळणार?

देशाचा कायदा बहुतेक वेळा प्राण्याबद्दल बोलतो, म्हणजे मारू नका, पकडू नका, विकू नका. पण तो प्राणी जिथे राहतो ती जमीन रहिवासी झोनमध्ये टाकायची का, रस्ता कुठून न्यायचा, ओढा पाइपात घालायचा का उघडा ठेवायचा, भराव किती टाकायचा हे सगळं ठरतं स्थानिक ऑफिसात, आणि एकदा तिथे सही झाली की वरच्या कायद्याला वाचवायला फारसं काही उरतच नाही. म्हणून हे नियम महत्त्वाचे.

इंजिनिअरला सगळं कळायला हवं असंही नाही, नियमाने त्याला विचारायला भाग पाडलं तरी पुष्कळ झालं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९९० च्या कायद्याने प्रत्येक शहर आणि काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक कारभाराचा भाग) पाच प्रकारच्या जागा ठरवून त्यांचं संरक्षण करायला लावलं: पाणथळ जागा, भूजल भरणारी जमीन, वारंवार पूर येणारा भाग, खचण्या-घसरण्याचा धोका असलेली जमीन, आणि मासे व वन्यजीवांचे अधिवास. पुढे १९९५ मध्ये त्यात भर पडली की हे नियम करताना उपलब्ध असलेलं सगळ्यात चांगलं शास्त्रीय ज्ञान विचारात घ्यायलाच हवं. म्हणजे ऑफिसातल्या माणसाला 'मला वाटलं' म्हणून चालत नाही.

माझं तर स्पष्ट मत आहे की सगळा खेळ क्रमाचा आहे. नेहमी काय होतं, आधी प्लॉट आखतात, रस्ते आखतात, आणि मग जो तिरका-तारका कोपरा उरतो, जिथे उतार आहे किंवा वरून विजेच्या तारा गेल्यात, त्याला हिरवा रंग देऊन मोकळी जागा म्हणून दाखवतात. कुठल्या जीवाला तिथे राहता येईल का हे कुणी विचारलेलंच नसतं. नियमाने हा क्रम उलटा करायला हवा, आधी सर्व्हे, मग न हलवता येण्यासारख्या जागांचा नकाशा, आणि सगळ्यात शेवटी प्लॉट.

प्रश्न: आमच्याकडच्या नियमात तळ्यापासून ३० मीटर बांधकाम नको असं आहे. हा बफर पुरेसा आहे का?

कशासाठी पुरेसा, ते आधी ठरवावं लागेल. गाळ आणि खतं पाण्यात उतरू नयेत एवढाच हेतू असेल आणि त्या पट्ट्यात खरंच झाडंझुडपं असतील तर ३० मीटर बऱ्यापैकी काम करतात. इंग्लंडमध्ये जुन्या, शेकडो वर्षं टिकलेल्या जंगलाच्या कडेला किमान १५ मीटर सोडा असा सरकारी सल्ला आहे, पण तो मुख्यतः मुळांना धक्का लागू नये म्हणून, आणि किमान म्हणजे किमान.

जीवांचा विचार केला की आकडे एकदम वाढतात. उत्तर अमेरिकेतला ठिपकेवाला सॅलॅमँडर घ्या, पालीसारखा दिसणारा पण बेडकासारखा उभयचर. पावसाळी वसंतातल्या एखाद्या रात्री हे प्राणी जंगलातून चालत छोट्या डबक्यांकडे येतात, अंडी घालतात आणि परत जातात, वर्षातला बाकी जवळजवळ सगळा काळ ते जंगलात पाल्याखाली आणि उंदीर-चिचुंद्र्यांच्या बिळात काढतात. ही डबकी पुढे आटतात, त्यामुळे त्यात मासे नसतात, म्हणून तर अंडी वाचतात. आता या डबक्याभोवती ३० मीटर सोडले तर जन्माची जागा वाचली पण राहायची जागा गेली. सेमलिच आणि बोडी या दोन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अशा अनेक अभ्यासांची सांगड घातली, तेव्हा उभयचरांना पाण्याच्या कडेपासून साधारण १५९ ते २९० मीटरपर्यंतची जमीन लागते असं दिसलं. ही जमीन म्हणजे त्यांचं घरच आहे, तिला बफर म्हणणंसुद्धा बरोबर नाही, कारण बफर त्याच्याही बाहेर लागतो!

सगळीकडे ३०० मीटर सोडणं जमणार नाही हे मलाही कळतं. पण मग निदान एका बाजूने तरी तळं आणि झाडी सलग जोडलेली राहू द्यावी, मध्ये रस्ता आणि उभी कड असलेला फुटपाथ नको. चारही बाजूंनी सारखा पट्टा ठेवून सगळ्या बाजूंनी रस्ता फिरवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

प्रश्न: अर्ज करायच्या आधीच जेसीबी लावून सगळं साफ करतात आणि मग 'इथे काहीच नाही' म्हणून सर्व्हे दाखवतात. यावर काही उपाय आहे का?

आहे. इंग्लंडने हे कायद्यातच बंद केलंय. तिथे बांधकामाआधी जागेचं निसर्गमूल्य, म्हणजे तिथे किती आणि कशा दर्जाचा अधिवास आहे ते, मोजावं लागतं, पण ३० जानेवारी २०२० नंतर कुणी विनापरवानगी काही करून ते मूल्य खाली आणलं असेल तर मोजणी आधीच्या स्थितीवरून धरतात. म्हणजे साफ करून फायदाच उरत नाही, आणि उपग्रहाचे जुने फोटो काढून आधी काय होतं ते बघता येतं.

दुसरं म्हणजे परवानगी फक्त बांधकामाला न लावता झाडझुडूप काढणं, सपाटीकरण आणि भराव यांनाही लावायला हवी. अधिवास मरतो तो सपाटीकरणाच्या दिवशीच, पाया खणायला तर नंतर येतात.

प्रश्न: माझी स्वतःची जमीन आहे, पैसे देऊन घेतलेली. उद्या कुणीतरी पक्षी दिसला म्हणून तिथे घर बांधायचं नाही म्हणता, हा अन्याय नाही का?

तुमचा राग समजू शकतो, आणि ही तक्रार झटकून टाकण्यासारखी अजिबात नाही. न्यायालयांनीही यावर बराच खल केलाय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅरिनेट काउंटीच्या खटल्यात १९७२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जमिनीचं मूळ नैसर्गिक रूप बदलून टाकण्याचा अमर्याद हक्क मालकाला नसतो, विशेषतः त्याने इतरांचं नुकसान होत असेल तर. तिथे तलावाकाठच्या पाणथळ जमिनीवर विनापरवाना भराव टाकला होता. पण १९९४ मध्ये ओरेगनमधल्या टायगार्ड शहराच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. दुकान वाढवायची परवानगी मागणाऱ्या मालकाकडून शहराने पूरक्षेत्रातली जमीन मागितली होती, तेव्हा कोर्ट म्हणालं की मागणी त्या बांधकामाच्या परिणामाच्या साधारण प्रमाणात आहे हे शहरानेच दाखवायला हवं. मला दोन्ही निकाल पटतात.

शिवाय नुसतं 'नाही' म्हणण्यापलीकडे मार्ग आहेत. टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकता येणं, तुम्हाला माहीत असेलच. मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीने १९८० मध्ये मोठ्या ग्रामीण पट्ट्यात ५ एकराला एक घर ही मर्यादा २५ एकराला एक घर इतकी कडक केली, पण ५ एकराला एक या हिशोबाने बांधकामाचा हक्क मालकाला दुसरीकडे विकायची सोय ठेवली. तिथे उद्देश मुख्यतः शेतजमीन वाचवायचा होता, पण अधिवासासाठीही हीच पद्धत चालते. आणि कोलोराडोतल्या बोल्डर शहरात १९६७ मध्ये लोकांनी मतदान करून स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी. सगळ्यांना हवं असेल तर सगळ्यांनी पैसे द्यावेत, एकट्या मालकाच्या माथी मारू नये, यात मला तरी काही चूक दिसत नाही.

प्रश्न: बिल्डर म्हणतो इथली पाणथळ भरतो पण दुसरीकडे दुप्पट मोठी बनवून देतो, आणि प्राणी पकडून सुरक्षित जागी सोडतो. मग हरकत काय?

याचं उत्तर थोडं लांबेल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

जर्मनीने १९७६ च्या निसर्गसंरक्षण कायद्यात एक साधा क्रम घालून दिला, आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, आणि उरलेल्याची भरपाई करा. आता होतं काय की लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळून सरळ तिसरीवर येतात, कारण ती नकाशावर दाखवायला सोपी. पण नवी बनवलेली पाणथळ जुनीसारखी होते का? २०१२ मध्ये जगभरातल्या ६२१ पाणथळींची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला, त्यात कृत्रिमरीत्या तयार केलेल्या किंवा सुधारलेल्या जागा बऱ्याच वर्षांनीही मागेच राहिलेल्या दिसल्या, वनस्पती वगैरे जीवांच्या रचनेत सरासरी २६ टक्के आणि मातीत कार्बन साठवण्यासारख्या कामात २३ टक्के. त्यामुळे 'दुप्पट' ऐकून हुरळून जाऊ नका, क्षेत्रफळ दुप्पट झालं म्हणून जागा तशी होत नाही.

प्राणी हलवण्याचं म्हणाल तर फ्लोरिडातलं गोफर कासव बघा. हे कासव वाळूत तिरपं बीळ खणतं, सरासरी १५ फूट लांब. नियमाने बिळापासून २५ फुटांच्या आत काम करता येत नाही, करायचंच असेल तर परवाना काढून कासव दुसरीकडे न्यावं लागतं. पण या बिळांचा आसरा ३५० हून जास्त प्रजाती घेतात, त्यात इंडिगो साप आहे, गोफर बेडूक आहे, उंदीर आहेत, कितीतरी किडे आहेत. रानात वणवा आला की हे सगळे त्या बिळात शिरतात. कासव उचलून नेलं, कागद पूर्ण झाला, पण बीळ बुजलं तर बाकीच्यांचं काय? म्हणून मी म्हणेन की हलवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, आणि ते कागदावरही तसंच लिहिलेलं असावं.

भरपाई घ्यायचीच वेळ आली तर मुदत बघा. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना निसर्गमूल्य आधीपेक्षा किमान १० टक्के वाढवून द्यावं लागतं आणि ते ३० वर्षं सांभाळावं लागतं. रोपं लावून फोटो काढले आणि निघून गेले, हे तिथे निदान कायद्याने तरी चालत नाही. आणि जुनं जंगल वगैरे जे पुन्हा बनवताच येत नाही ते या १० टक्क्यांच्या हिशोबात बसवतच नाहीत, ही गोष्ट मला फार आवडली.

प्रश्न: सगळी घरं एका बाजूला दाटीने बांधून बाकी जमीन मोकळी ठेवली तर?

कल्पना चांगली आहे पण आपोआप काम करत नाही. बोल्डर काउंटीत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एकत्र बांधलेल्या वसाहती, सुट्या सुट्या बांधलेल्या वसाहती आणि न बांधलेली जमीन यांची तुलना केली, तर पक्षी आणि वनस्पतींच्या बाबतीत एकत्र वसाहती सुट्या वसाहतींसारख्याच निघाल्या, मोकळ्या जमिनीसारख्या नाही. प्रत्येक वसाहतीने आपापला छोटा तुकडा सोडला तर असंच होणार. शेजारच्या चार प्रकल्पांचे मोकळे भाग एकमेकांना लागून यावेत, तण काढायला माणूस असावा, कुत्री मोकळी सुटू नयेत, हे नियमात लिहिलं तरच त्या दाटीचा उपयोग.

प्रश्न: दिव्यांचा आणि अधिवासाचा काय संबंध?

थेट संबंध आहे. समुद्री कासवाची पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे उजेड तिकडे जातात, नैसर्गिक किनाऱ्यावर तो उजेड पाण्याकडे असतो, बांधलेल्या किनाऱ्यावर हॉटेलकडे. म्हणून फ्लोरिडातल्या अनेक किनारी काउंटी आणि शहरांनी दिव्यांचे नियम केलेत, दिवा खाली लावा, झाका, आणि रंग पिवळसर-लाल ठेवा, म्हणजे ५६० नॅनोमीटरपेक्षा लांब लहरींचा. बाकी नियमांच्या मानाने हा सगळ्यात स्वस्त, एका रात्रीत फरक पडतो.

प्रश्न: हरकती-सूचना मागवल्या आहेत, पण आम्ही काही तज्ज्ञ नाही. सुनावणीला जाऊन बोलायचं तरी काय?

तज्ज्ञ असायची गरज नाही, नेमकं विचारता आलं पाहिजे. पहिलं, सर्व्हे कुठल्या महिन्यात केला ते विचारा. वर सांगितलेलं डबकं कोरड्या दिवसांत बघितलं तर नुसता पाल्याने भरलेला खड्डा दिसतो, आणि 'पाणथळ आढळली नाही' असं लिहून मोकळे होतात. तुमच्याकडे पावसातले फोटो असतील, तारखेसकट, तर ते घेऊन जा, दहा भाषणांपेक्षा ते जास्त कामाचे.

मग नकाशा मागा आणि बफरची रेघ जमिनीवर कुठे येते ते विचारा. जेसीबी यायच्या आधी त्या रेघेवर खुंट्या आणि कुंपण लागणार का, ही अट परवानगीतच घालून घ्या, कारण ड्रायव्हरला नकाशा कुणी दाखवत नाही, त्याला कुंपण दिसतं. राखलेल्या जागेची मालकी पुढे कोणाकडे, देखभालीचे पैसे कोण देणार आणि किती वर्षं, आणि अट मोडली तर काम थांबवायचा अधिकार कोणाकडे, हेही विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी 'हो बघू' वर उठून येऊ नका, आणि तुमची लेखी हरकत दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या.