गोवा राहू द्या, महेश्वरला रात्री राहिलात का कधी?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की यंदाच्या हिवाळ्यात एक तरी सुट्टी इंदूरपासून शंभर किलोमीटरच्या आत काढा आणि चार पैसे छोट्या माणसाच्या गल्ल्यात पडू द्या. त्यावर जे मेसेज येऊन राहिलेत ना, बस. निम्मे खुश आहेत, निम्मे भांडायला आलेत. पानात बसले तेवढे घेतलेत, बाकीच्यांनी रुसू नका.

काकू, आमच्याकडे सुट्टी म्हणजे गोवा नाहीतर केरळ. मी महेश्वर म्हटलं तर नवरा म्हणतो दहादा पाहिलंय, घाट बघायचा, भजी खायची, परत यायचं, त्यात कसली सुट्टी. सासरेही त्याच्याच पार्टीत. काय सांगू? — राजेंद्र नगर

अगं त्याला एकच विचार, महेश्वरला रात्री राहिलायस का कधी?

आपल्या लोकांची महेश्वर ट्रिप मला तोंडपाठ आहे, कारण मी स्वतः वीस वर्षं तीच केली. सकाळी पोहे-जलेबी हाणून निघायचं, डिकीत पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा, पाण्याचा अख्खा कॅन, धामनोदहून आत वळायचं, किल्ला, घाट, नावेतून बाणेश्वरापर्यंत एक चक्कर, फोटो, डबा उघडायचा, पाचच्या आत गाडीत कारण परतीच्या रस्त्यावरचा डोंगराचा घाट अंधारात नको. म्हणजे गावाला काय मिळालं तर पार्किंगचे पैसे, नावाड्याचे पैसे आणि आपल्या कागदी प्लेटा. मग आपणच म्हणायचं की गावात काही नाही.

मुक्काम केला की सगळंच बदलतं. पाच-सहाला गाड्या निघून जातात, घाट मोकळा होतो, नर्मदेवर दिवे सोडणारे चार लोक उरतात. रात्रीचं जेवण कुणाच्या तरी खानावळीत होतं, सकाळचा चहा कुणाच्या तरी टपरीवर, आणि वेळ हाताशी असला की माणूस गल्लीत शिरतो. गल्लीत शिरलं की खटखट ऐकू येते, ती मागाची. डोकावा, नाही म्हणत नाहीत. मी ज्या घरात डोकावले तिथे बाई मागावर होती, शेजारी मुलगी होमवर्क करत होती, आणि बाई एका हाताने झटका मारून धोटा पळवता पळवता तिला पाढे विचारत होती. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, काठाला बुगडी म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा काठ, साडी उलटी नेसा की सुलटी. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले तेव्हापासून हे काम चाललंय, आणि काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि मंदिराच्या दगडांवरून उचललेली आहे, चटाई, विटा, लहर. आधी साडी बघा, मग किल्ल्यावर जाऊन तीच नक्षी भिंतीवर शोधा, मुलांना हा खेळ फार आवडतो.

आता एक कबुली. त्याच बाईशी मी दोनशे रुपयांसाठी घासाघीस केली. तिने सोडले. काही बोलली नाही, नुसती साडीची घडी घालत राहिली. आणि परत येताना इंदुरात शिरल्या शिरल्या आम्ही एका एसी कॅफेत थांबलो, तिथे चार कॉफ्यांचं बिल हजाराच्या वर आलं, ते मुकाट्याने भरलं, वर टिपही दिली. घरी आल्यावर माझ्या मुलीनेच दाखवून दिलं. ती साडी नेसताना अजून आठवतं.

तर नवऱ्याला सांग, इथून महेश्वर साधारण ९५ किलोमीटर, जाऊन-येऊन १९०. गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देत असेल तर तेरा लिटर पेट्रोल, झाला प्रवास. विमानाचे चार जणांचे जे वाचतात त्यातून एक रात्र, दोन जेवणं आणि तुला एक साडी. सासऱ्यांना घाटावर पहाटे नेऊन बसवा, ते स्वतःच पार्टी बदलतील. फक्त शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. त्या दोन दिवशी तिथल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि बुधवारी माशा मारत बसलेले असतात, तुमचं गिऱ्हाईक बुधवारी जास्त मोलाचं.

मॅडम, मी ७४ वर्षांचा, गुडघे गेलेले. नातवाला सुट्टीत कुठेतरी न्यायचं आहे, पण लांबचं जमत नाही. — एक आजोबा, लोकमान्य नगर

आजोबा, पाताळपाणी-कालाकुंडची हेरिटेज ट्रेन. महूच्या पुढे पाताळपाणी, तिथून कालाकुंड जेमतेम साडेनऊ किलोमीटर, जुनी मीटरगेज, बोगदे, पूल, दरी सगळं खिडकीतून. चालायचं काम नाही. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली. रोज धावत नाही आणि वेळापत्रक सीझनप्रमाणे बदलतं, तेव्हा मुलाला रेल्वेच्या साइटवर बघून तिकीट काढायला लावा, स्टेशनवर जाऊन मिळेल या भरवशावर निघू नका.

कालाकुंडला उतरलात की कलाकंद घ्या. पळसाच्या पानात देतात. तिथे ना हॉटेल ना मॉल, एवढंसं स्टेशन आणि तो कलाकंद, गाव त्याच्या नावाने ओळखलं जातं. एक तिथेच खा, एक किलो बांधून आणा, शेजाऱ्यांना वाटा.

आणि नातवाला एक गोष्ट सांगा. ही लाइन टाकायला तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी. तेव्हा लोक म्हणत असतील महाराजांचं डोकं फिरलं. पोराला व्याजाचं गणित घालून बघा, प्रवास कसा संपला कळणार नाही.

काकू आम्ही चार मित्र, कॉलेजवाले, पैशे नाहीत. तिंछा किंवा पाताळपाणीच्या धबधब्याला बाइकवर जाऊन मॅगी खाऊन येतो, याला सपोर्ट लोकल म्हणायचं का? — भंवरकुआं

म्हणायचं की, भिया. मॅगी टपरीवरची असली म्हणजे झालं, घरून पाकिटं नेऊन चूल पेटवू नका. पण एक ऐका, पावसाळ्यात कड्याजवळ भुट्टेवाला म्हणाला ना की मागे या, तर मागे या. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, २०११ ला पाताळपाणीला असाच आला आणि लोक वाहून गेले. तो माणूस रोज ते पाणी बघतो, तुम्ही महिन्यातून एकदा.

लोकल लोकल काय लावलंय? मांडवगडला आम्हाला चहाचे दुप्पट घेतले, एका दुकानात ‘हातमाग’ सांगून पॉवरलूमचा माल गळ्यात मारला. त्यापेक्षा ऑनलाइन बरं, आवडलं नाही तर परत तरी करता येतं. — एक वैतागलेला वाचक

दादा, तुमचा राग खरा आहे. छोटा दुकानदार म्हणजे संत असं मी कुठे म्हटलं? फसवणारा छोटाही असतो, मोठाही असतो, मोठा फक्त प्रिंटेड बिलावर फसवतो.

चहाचं सोडा, डोंगरावर दूध खालून येतं. कापडाचं मात्र शिकून घ्या. हातमागाच्या कापडाच्या कडेला बारीक टोचल्यासारखी भोकं दिसतात, ताण देणाऱ्या पट्टीच्या टोकांची. वीण अगदी मशीनसारखी एकसारखी नसते. महेश्वरीची बुगडी उलटून बघा. सरकारचा हँडलूम मार्क २००६ पासून आहे, तो शिक्का मागा, नसेल तर निदान माग कुठेय ते विचारा. खरा असेल तो उठून दाखवायला नेतो. जो ‘माल आतमध्ये आहे, आज बंद आहे’ करतो त्याला नमस्कार करून निघायचं, भांडायचं नाही. आणि मांडवगडला पुन्हा जाल तेव्हा कापडाऐवजी ती खुरासानी चिंच घ्या, त्या जाड बुंध्याच्या गोरखचिंचेची, बायका जहाज महालाच्या आसपास विकायला बसतात. त्यात कोण काय फसवणार.

आपलं घर असताना इंदुरातच हॉटेलात राहणं हा वेडेपणा नाही का? लोक हसतील. — रामबाग

हसू देत. पण खर्च टाळायचा असेल तर घरीच राहा, फक्त स्वयंपाकघराला कुलूप लावा दोन दिवस, खरं कुलूप. सकाळी पोहे-जलेबी बाहेर, दिवसा लालबाग पॅलेस किंवा राजवाडा, तीन वेळा जळूनही उभा असलेला, आपल्यातल्या किती जणांनी तो आतून पाहिलाय? दुपारी झोप. रात्री जेवायचं नाही, थेट सराफा, सोन्याची शटरं पडली की त्याच ओट्यांवर कढया चढतात. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, घ्याच, गरम तेलातून काढून वर जिरावण मसाला आणि लिंबू, जीभ भाजते तरी हात थांबत नाही. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस नंतर. एकच अट, प्रत्येक वेळी त्याच फेमस ठेल्यापुढे तासभर रांगेत उभं राहू नका, दोन ठेले सोडून तिसरा जो रिकामा बसलाय त्याचा एक दोना घेऊन बघा. आमच्याकडे तर आता त्या तिसऱ्यावाल्याकडेच जातात, फेमसवाला बंद असला तरी कुणाला कळत नाही.

ताई, मुलं पुण्याला, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. तुमचं वाचून वाटलं होमस्टे करावा, महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांना मराठी घर, मराठी जेवण. पण अनोळखी लोक घरात घ्यायची भीती वाटते, आणि ह्यांना वाटतं हे काही आपलं काम नाही. — जुनं इंदूर

ताई, आधी ह्यांचं. पुण्याहून लग्नाला आलेली चुलत-मामे-आत्ये तुमच्याकडे आजवर फुकटात उतरलीच ना, चादरी कोण धूत होतं? तेच काम आहे, आता पैसे मिळतील.

भीतीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. एमपी टुरिझमकडे होमस्टेच्या नोंदणीची योजना आहे, पहिल्यांदा तिथे रजिस्टर करा. येणाऱ्याचं ओळखपत्र घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, कितीही गोड बोलला तरी, आणि रजिस्टर ठेवायचं. ठाण्यात एकदा जाऊन सांगून या. जेवण देणार असाल तर फूड लायसन्सचं बेसिक रजिस्ट्रेशन करून घ्या. जिना वेगळा आहे का? नसेल तर आधी ग्रिलचं दार बसवा, हा खर्च वसूल होतो. पहिले सहा महिने फक्त ओळखीतून आलेले लोक आणि फॅमिलीच घ्या. बुकिंगच्या अ‍ॅपवर नंतर जा, ते कमिशन कापतात आणि रात्री अकराला कन्फर्मेशन पाठवतात, सुरुवातीला डोकं फिरेल.

आणि सगळं स्वतः करायला जाऊ नका, हे मी आवर्जून सांगतेय. गल्लीतला रिक्षावाला ठरवून टाका, त्याला उज्जैन आणि देवासची देवीची टेकडी पाठ असेल. पापड-कुरडया शेजारच्या काकूंकडून, कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. सकाळी पोहे मात्र तुम्ही करू नका. मराठी माणूस इंदूरला येतो तो आपलेच पोहे खायला नाही, त्याला ठेल्यावर पाठवा, वाफेवरचे, बडीशोप घातलेले, वर शेव, सोबत जलेबी. रात्री वरण-भात-तूप तुमच्याकडे. दोन दिवस सराफा मारून आलेला माणूस त्या वरणाला काय हात जोडतो ते बघालच, तेव्हा कुकर मोठा घ्या.