मुलगा सारखा धडपडतो, बटणं लागत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपीने फरक पडतो का?

ताई, तुमचा सात वर्षांचा मुलगा सपाट रस्त्यावरही अडखळतो, त्याला बटणं लागत नाहीत, अक्षर लागत नाही म्हणून शाळेत 'आळशी' म्हणतात, हे वाचून पोटात कालवलं. माझ्या लेकाचंही हेच होतं. दुसरीपर्यंत मीसुद्धा त्याला वेंधळा म्हणून रागवायचे. त्याचं आजही वाईट वाटतं.

ऑक्युपेशनल थेरपीनं, म्हणजे रोजची कामं सरावानं शिकवणाऱ्या उपचारानं, फरक पडतो, नक्की पडतो. हा बहुतेक डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असावा, म्हणजे हातापायांच्या हालचालींचा मेळ नीट न बसणं. शाळकरी मुलांत साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो. आळसाचा यात काही संबंध नाही. बाकीची पोरं जे नुसतं बघून उचलतात, ते या मुलांना पायरी पायरीनं शिकवावं लागतं.

थेरपी मात्र बघून निवडा. आधी आम्ही सोलापुरातच एके ठिकाणी जायचो, तिथं नुसते झोके आणि मोठ्या चेंडूवर उड्या. त्याला मजा यायची, बटणं मात्र तशीच. नंतरच्या थेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी त्यालाच विचारलं, "तुला काय यायला पाहिजे?" तो म्हणाला, "शर्टाची बटणं." मग शर्ट टेबलावर पसरला. मॅडम बटण काजातून अर्धं ढकलून ठेवायच्या, तो फक्त ओढून घ्यायचा. ते हातात बसलं तेव्हा ढकलायचंही काम त्याच्याकडे आलं. चुकलं तर त्या सांगत नसत, "कुठं अडलं?" एवढंच विचारत. एक दिवस तोच म्हणाला, "कापड हलतंय, या हातानं धरतो." मला तिथंच रडू फुटलं.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं तेवढंच करायचं. आमच्याकडे चटणीसाठी शेंगा फोडायला तोच बसायचा, कडक भाकरी आमटीत चुरायचं कामही त्याचंच. लिहायला बसला की त्याचे पाय लोंबकळतात का बघा. लोंबकळत असतील तर खाली पाट द्या.

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, डोळेही तपासून घ्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येतं, त्यांना सांगा. १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. आणि तो जमिनीवरून उठताना गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत उठत असेल, किंवा आधी येत होतं ते आता जमेनासं झालं असेल, तर थेरपीची वाट बघू नका. ते स्नायूंचं किंवा मज्जासंस्थेचं दुखणं असू शकतं, या आठवड्यातच डॉक्टर गाठा.