परदेशी निघालेल्या मैत्रिणीला काय द्यावं?

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

शाळेपासूनची मैत्रीण गोव्याहून लिस्बनला चालली आहे, तिला जाताना काय देऊ, असं तू विचारलंस. समई, फोटोची फ्रेम, काजूचा मोठा डबा हे आधी डोक्यातून काढ. जाणाऱ्याच्या बॅगेत शेवटच्या आठवड्यात पाव किलोचीही ओढाताण असते. भेट अर्ध्या किलोच्या आत बसावी आणि तिकडच्या पहिल्याच महिन्यात कामाला यावी. मी म्हणेन, तिच्या घरच्या चार पदार्थांची मोजून घेतलेली मापं कार्डांवर लिहून दे आणि सोबत त्यांना लागणारे, तिकडे सहज न मिळणारे जिन्नस दे.

मापं घेणं हे यातलं खरं काम. तिच्या आईला नुसती कृती विचारलीस तर 'अंदाजाने', 'लागेल तेवढं' एवढंच हाती येईल. म्हणून ती रांधत असताना स्वयंपाकघराचा काटा आणि मापाचे चमचे, 5 आणि 15 मिलिचे, घेऊन उभी राहा. मसाल्याच्या डब्यातला चमचा मोजमापाला चालत नाही, प्रत्येक घरात तो वेगळा असतो. तिने मूठभर घेतलं की कढईत पडण्याआधी वाटीत घ्यायला लाव आणि तोल. 'अर्धा नारळ' असं लिहू नकोस. खवलेल्या खोबऱ्याचं वजन लिही, कारण तिकडे तिच्या हाताशी गोठवलेलं खोबरं किंवा डब्यातलं दूध असेल.

सोलकढीचंच घे. 10-12 सोलां (सुकवलेली कोकमं) एक कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घालायची, मग चुरून गाळायची. नारळाच्या दुधाचा 400 मिलिचा डबा, तेवढंच पाणी, लसणीच्या 2 पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून, मीठ. डब्यातलं दूध घरच्या रसापेक्षा दाट असतं, पाणी कमी पडलं तर कढी पिठूळ लागते. आणि गरम करायची नाही, आंबटामुळे दूध फुटतं. असे बारकावे आईला इतके सवयीचे असतात की ती सांगायची राहून जाते. ते तू विचारून लिहायचे. मग कार्ड समोर ठेवून एकदा तूच तो पदार्थ कर आणि तिच्या आईला चाखायला दे. चुकलं तर आकडा दुरुस्त कर.

आता जिन्नस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलां घेताना दाबून बघ. ओली, मिठाचं पाणी सुटलेली पाकिटात पाझरतात आणि त्यांचा डाग कपड्यांवरून जात नाही. 200 ग्रॅम घे, दोन दिवस कडक ऊन दाखव, दुहेरी झिपच्या पिशवीत भर. तेफळं, म्हणजे माशांच्या कालवणात घालायची ती सुकी, वासाची फळं, 25 ग्रॅम पुरतात. आतली काळी बी काढून टाक, वापर फक्त सालीचा. हुमणात, म्हणजे माशांच्या नारळ घातलेल्या कालवणात, ती अलगद ठेचून घालायची, वाटणात वाटली तर कडवटपणा उतरतो. लिस्बनच्या बाजारात कवाला नावाचा मासा मिळतो, तो बांगड्याच्याच कुळातला. त्याला तेफळ छान जुळतं. वर 100 ग्रॅम सुक्या मिरच्या, गोव्यातल्याच हरमलच्या किंवा खोल्याच्या. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत जिन्नसाचं नाव लिही. नाव नसलेली पिशवी तपासणीत उघडली जाऊ शकते.

शागुतीचा (वाटलेल्या मसाल्याच्या गोव्याच्या रश्शाचा) तयार मसाला द्यायचा मोह होईल, पण त्यात खसखस असते. गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही, पुष्कळजण आखातात विमान बदलतात, आणि दुबईसारख्या ठिकाणी खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. कोणत्याही मार्गाने जाणार असली तरी हा मसाला खसखस वगळूनच करून घे.

चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, देऊ नकोस. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूपही गेलं. मानकुराद आंबे आणि ताजा कढीपत्ताही नको, त्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सुक्या खोबऱ्याची वाटी तेलकट, पेट घेणारी म्हणून विमानातच अडते. सुके बांगडे नियमात बसतात, पण सगळ्या कपड्यांना वास लागेल. फेणीची 750 मिलिची काचेची बाटली एकटीच किलोच्या वर जाते. भट्टीवरून प्लास्टिकच्या बाटलीत आणलेली तर मुळीच नको, सामानात सीलबंद, दुकानातलीच चालते.

रंगीत कागदात गुंडाळू नकोस, तपासणीत तो फाडतात. आत काय आहे ते तिला नीट सांग; सामान स्वतः भरलं का, असं विमानतळावर विचारलं जातं आणि तिला खरं उत्तर देता आलं पाहिजे. सोलां आणि मिरच्या तिने मोठ्या बॅगेत मधोमध ठेवाव्यात. कार्डं मात्र हातातल्या पिशवीत, बॅग उशिरा आली तरी ती तिच्यापाशी राहतील. तुझ्या मापांखाली तिच्या आईला स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहायला सांग. हे सगळं निघण्याच्या आठ दिवस आधी तिच्या हातात पडू दे, तिला बॅग तोलायची असते.

तुझी,
मावशी