गाडी आईच्या मापाची बघा

प्रिय बाळ,

आई-बाबांना कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायचीय हा तुझा मेसेज मिळाला, बाबांनी फॉरवर्ड केलेले व्हिडिओही बघितले. लाकडी कपाटं, पिवळे लाइट, मागचं दार उघडलं की समुद्र. छान दिसतं गं सगळं, पण त्यात गाडीखाली वाकून कोणी बघत नाही, आणि फंडाचे पैसे हातात आले की बाबा पहिल्या शोरूमवाल्यालाच टोकन देऊन मोकळे होतील म्हणून आधीच लिहितेय.

माझं सरळ मत, कॅम्पर व्हॅन ज्याला हौस आहे त्याच्या मापाने घेऊ नये. ज्याला फारशी नाही त्याच्या मापाने घ्यावी, म्हणजे तुमच्याकडे आईच्या. साठीनंतर कोणाची कंबर कधी धरेल सांगता येत नाही आणि कुंभार्ली घाटात मध्येच बाबांना बरं वाटेनासं झालं तर गाडी कोण खाली आणणार? त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला आईला बसव, नुसतं सरळ रस्त्यावर नको, गल्लीत रिव्हर्स घ्यायला लाव. तिला जमत नसेल तर ती गाडी कितीही सुंदर असो, सोडा. आणि तिचं लायसन्स काढून तारीख बघ आधी. पंचावन्ननंतर ते ५-५ वर्षांनीच रिन्यू होतं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट, तो फॉर्म १ए, लागतो. बायकांची लायसन्सं कपाटात पडून संपलेली असतात, घरोघरी तेच.

बाबांना ट्रॅव्हलर, ती उंच टपाची मिनीबस, हवीय कारण आत उभं राहता येतं. ते बरोबरच आहे, रोज वाकून पँट चढवणं या वयात शिक्षाच. पण दाराची पायरी बघ, आईचा गुडघा तिथे चढतो का ते बघ. मग दोघांना गादीवर आडवं व्हायला सांग, आई आतल्या बाजूला, आणि बाबांना न उठवता तिला बाथरूमला जायचंय असं समजून बाहेर यायला सांग. शोरूमवाला हसेल, हसू दे. बाबांच्या अंगावरून ओलांडून यावं लागलं तर तो बेड बाद.

आता कागद. जुनी पिवळ्या पाटीची टूरिस्ट गाडी स्वस्तात घेऊन ओळखीच्या सुताराकडून आत किचन बसवायचं असं बाबांच्या डोक्यात असेल (असणारच, ओळखते मी त्यांना) तर थांबव. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीत असे बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला पहिलं आरसी बुकच बघणार. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे भाड्याने न चालणाऱ्या गाड्यांत, बसते, तेव्हा आरसीवर कॅम्पर व्हॅन असं लिहिलेलंच असू दे. जुनी घेत असाल तर टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाच. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवीन दिसते म्हणून फसू नका, उभ्या गाडीचं रबर आतून वाळतं.

विजेचं गणित तूच बस आणि कर त्यांच्यासोबत, कारण विकणारे सांगत नाहीत. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण १२०० वॉट-अवर, तीही लिथियम असेल तर जवळपास पूर्ण वापरता येते, साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच धर. छोटा फ्रिज, पंखा, लाइट, मोबाइल एवढं आरामात होतं. एसी मात्र हजार वॉटच्या आसपास ओढतो, तासाभरात बॅटरी झोपली. म्हणून मे महिन्यात कोकणात जायचंच नाही, डिसेंबरमध्ये जायचं. पाणी शंभर लिटर भरलं की शंभर किलो वजन वाढलं हेही लक्षात ठेवा. घाटात ब्रेकला ते कळतं, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरायचं, उतारावर न्यूट्रल अजिबात नाही.

गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी, झोपताना रेग्युलेटर बंद, यात वाद नको.

सवयीचं म्हणशील तर पहिल्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्येच झोपायला सांग. सेक्रेटरी कुरकुर करेल पण पाण्याचा पंप कुठे गळतो, रात्री चष्मा कुठे ठेवायचा, कोण किती घोरतं हे सगळं तिथेच कळतं आणि वर जाऊन विसरलेली कढई आणता येते. मग जवळ कुठेतरी, पानशेत किंवा कार्ल्याच्या एमटीडीसीला आधी फोन करून विचारा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन टूरिझमचं धोरण आणलं खरं, पण रस्त्यावर अजून पेट्रोल पंप आणि ओळखीचा ढाबा हाच आधार आहे. टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय फारशी कुठे नाही, त्यामुळे कॅसेटवालं, म्हणजे खालची छोटी टाकी सुटी निघणारं टॉयलेट घ्या, ती उचलून साध्या संडासात ओतता येतं. हे काम बाबांचं, हे गाडी घ्यायच्या आधीच ठरवून टाक.

तू मात्र प्रत्येक ट्रिपला लोकेशन मागत बसू नकोस. रात्री एक मेसेज ठरवा, बास.

रविवारी दोघांना घेऊन ये. आमची व्हॅन खालीच उभी असते, आईला स्टिअरिंगवर बसवू आणि बाबांना मागे भांडी घासायला.

तुझी,
काकू