सगळं आपल्याच हातात ठेवायची आणि वर कुरकुरत राहायची सवय कशी सोडावी? स्पष्ट बोलायचं धाडस कुठून आणावं?

तुम्ही लिहिलंय की घरातलं प्रत्येक काम तुम्हालाच बघावं लागतं, काही बोललं की भांडण होतं आणि आता बायको-मुलंच म्हणतात की तुम्ही सारखे कटकट करता. चार ओळींच्या प्रश्नात 'कोणी मदत करत नाही' हे तीन वेळा आलंय. मी मोजलं. असलं मोजत बसायची खोड मलाही आहे, म्हणून तर उत्तर लिहायला घेतलंय.

रागावू नका, पण तुम्हाला मदत नकोच आहे. मलाही नको होती. मला हवं होतं ते असं, की सगळ्यांनी मदतीला यावं, मी म्हणावं 'राहू दे, तुला नाही जमायचं', आणि रात्री बायकोजवळ म्हणावं 'बघितलंस ना, सगळं माझ्याच गळ्यात'.

मी कणकवली तालुक्यातला, नोकरीपायी डोंबिवलीत. गावचं घर सामायिक. तिथे चुलतभाऊ नाना आणि वयनी बारा महिने राहतात, आणि चतुर्थीला आम्ही मुंबई-पुण्याची सतरा माणसं जाऊन आदळतो. गणपती अकरा दिवसांचा, आजोबांच्याही आधीपासूनचा. सतरा जणांची तिकिटं, सामानाची यादी, कोणी कुठे झोपायचं, भजनीमंडळ आलं की उसळ कोणी वाढायची, माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची आरास, कोणी बांधायची, हे वीसेक वर्षं माझ्याकडे होतं. माझ्याकडे म्हणजे मी दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिलं नाही.

तिकिटांचं ऐका. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. सकाळी आठला कोकणकन्या दिसायची, आठ वाजून तीन मिनिटांनी वेटिंग. एका तिकिटावर सहाच माणसं, म्हणजे तीन तिकिटं, तीन मोबाईल आणि घरात कोणी शिंकायचंही नाही. २०१७ मध्ये एप्रिलच्या शेवटी त्या दिवशी माझी नेमकी सकाळची पाळी आली, म्हणून धाकट्या भावाने माझ्याच आयडीवरून आईसकट सहा जणांचं तिकीट काढलं. कन्फर्म. ग्रुपवर फोटो टाकला, खाली दोन मोदक. डबा एस-९.

मी दुपारी घरी आलो, ते बघितलं आणि तिकीट रद्द केलं. स्लीपरचे माणशी १२० रुपये कापतात, सहा जणांचे ७२० गेले. मला एस-३ हवा होता. परत काढायला गेलो तर वेटिंग ८४. वीस वर्षं तिकिटं काढणाऱ्या माणसाला हे आधी कळत नव्हतं होय? कळत होतं. डोक्यात एकच बसलं होतं, मला न विचारता काढलं.

आई त्या वर्षी खासगी बसने गावी गेली. ऐंशीच्या घरातली बाई, महामार्गावर सतरा तास. (तक्रार करायचीच हौस असेल तर या महामार्गाची करा. चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, आणि आम्ही दर चतुर्थीला माणगावात अडकून वडापाव खातोय. तिथे मी तुमच्या बाजूने ओरडायला येईन.) आणि पुढची सात वर्षं, भेटेल त्याला मी सांगत राहिलो की धाकट्याच्या बेफिकिरीमुळे आईला बसने जावं लागलं. बायकोला सांगितलं, नानाला सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, डोंबिवलीच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितलं असेल. धाकट्याला तेवढं कधी तोंडावर बोललो नाही.

आता २०२४. चतुर्थी ७ सप्टेंबरची. आदल्या संध्याकाळी धाकट्याचा मुलगा, बावीस वर्षांचा, स्टुलावर चढून माटवी बांधत होता. तवशी (मोठी काकडी), नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळं (रानफळं), शेरवडाची पांढरी पानं, सगळं सुपात काढून ठेवलेलं. मी खाली उभा. तवशी मधोमध नको, डावीकडे घे. ती गाठ सुटणार. अरे, दोन कवंडळं शेजारी-शेजारी बांधतात का कधी? पोराने सुंभाचा, म्हणजे काथ्याच्या दोरीचा, तुकडा दातांत धरला होता. तो त्याने काढला, खाली उतरला, माझ्या हातात दिला. 'काका, तुम्हीच बांधा.' आवाज चढवला नाही, काही नाही. मागच्या पडवीत जाऊन बसला.

स्टुलावर कोण चढणार? माझा उजवा गुडघा दोन वर्षं कळ मारत होता आणि ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर कामं हातून गेली असती ना. ओला सुंभ हातात घेऊन मी नुसताच उभा. माजघरात सगळ्यांना ऐकू गेलं होतं, एक माणूस बाहेर आलं नाही. शेवटी नाना आला, काही न बोलता चढला आणि तवशी मधोमध बांधून उतरला.

रात्री मी नेहमीप्रमाणे चुलीपाशी. वयनी आडाळ्यावर नारळ खवत होती. मी सुरू केलं, आजकालची पोरं, धाकट्याने कशी शिस्त लावली नाही, सगळं कसं मलाच. वयनीने करवंटी फिरवली, मान वर न करता म्हणाली, "भावजी, ह्यां तुमी माका सांगतास. गेल्या वर्साकय माकाच सांगलास. ज्येका सांगूचां त्येका कदी सांगतलास?" आणि पुढची करवंटी घेतली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर नानाने गाऱ्हाणं घातलं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं. आमच्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात. 'बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाशी जमली हत. जमात तशी सेवा केली हा. काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल. मुंबयसून इलेल्यांका सुखरूप परत पोचव.' आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा'. जन्मापासून 'व्हय म्हाराजा' म्हणत आलोय, त्या दिवशी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. नाना ज्याच्याकडे मागायचं त्याच्याच समोर उभा होता. कोण मागतंय ते त्याने सांगितलं. आपलं काय राहिलं ते आधी कबूल केलं. मग एक गोष्ट मागितली आणि गप्प बसला. ती कशी द्यायची हे देवाला शिकवायला गेला नाही. मी असतो तर डब्याचा नंबरही सांगितला असता.

म्हणून गौरीच्या जेवणाच्या संध्याकाळी पडवीत सगळे बसले असताना मी तोंड उघडलं. सुरुवात वाईट केली. 'तुम्हाला कोणाला काही पडलेलं नाही,' हे माझं पहिलं वाक्य. धाकटा ताडकन उठला आणि एस-९ बाहेर काढला. 'दादा, माझं कन्फर्म तिकीट तू रद्द केलंस. आणि आईच्या दिवसांत आलेल्या पाहुण्यांना सांगत होतास की मी तिला बसने पाठवलं. मी तिथेच बसलो होतो, पत्रावळ्या पुसत.'

मला वाटलं होतं त्याला ते ऐकू गेलं नसेल.

मी म्हटलं, एस-३ कणकवलीला छपराखाली लागायचा. एस-९ पार पुढे, उघड्यावर. ऑगस्टचा पाऊस, आईला भरभर चालवत नव्हतं. भिजली असती. म्हणून. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, 'मग हे तेव्हा का नाही बोललास? मी छत्री घेऊन उभा राहिलो असतो.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मी ग्रुपवर एवढंच टाकलं होतं, 'यापुढे मला विचारल्याशिवाय कोणी तिकिटं काढायची नाहीत.'

मग त्याच बैठकीत मी ते बोललो जे आठ-दहा वर्षं गिळलं होतं. मला अकरा दिवस झेपत नाहीत. गुडघा गेलाय. पुढच्या वर्षीपासून मी पाच दिवस थांबणार. तिकिटं दुसऱ्याने काढायची. चार वाक्यं. पण आजोबांचे अकरा दिवस माझ्या हातून मोडले असं वाडीत म्हणतील, या धास्तीने मी दहा वर्षं भाच्यांना झाडत होतो, लाडू कमी पडले म्हणून वयनीवर डाफरत होतो, धाकट्याच्या नावाने खडे फोडत होतो. धास्ती एका गोष्टीची, ओरडा दुसऱ्याच गोष्टीवर.

स्पष्ट बोललं की सगळे गळ्यात पडतात असं कोणी शिकवत असेल तर त्याच्या नादी लागू नका. नाना दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला अकराच हवे होते. वयनीला कमी हवे होते, कारण मुंबईवाले सहाव्या दिवशी पळाले की मागे भजनीमंडळांना चहा-उसळ करत तीच उरते. ते तिने त्या बैठकीत पहिल्यांदा सांगितलं, आणि नाना तिच्याशीही दोन दिवस बोलला नाही. मग फोन, मग शिमग्याआधी ठरवू म्हणून लोंबकळलं. डिसेंबरात जत्रेला गेलो तेव्हा ग्रामदेवतेला कौल लावला. धाकटा गालात हसला, हसू दे. कौल उजवा झाला, म्हणजे होकार. पाच नाही, अकरा नाही, गौरीबरोबर विसर्जन. २०२५ मध्ये ते सातव्या दिवशी आलं, २ सप्टेंबरला.

तिकिटं त्या वर्षी पुतण्याकडे. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ते त्याला माहीत होतं, तारीख मात्र त्याने एका दिवसाने चुकवली. अर्धी माणसं वेटिंगला. मी आणि बायको दिवा-सावंतवाडी पॅसेंजरने गेलो, पनवेलपर्यंत एका कुल्ल्यावर बसून. चिपळूणपर्यंत जीभ आवरली. चिपळूणला ग्रुपवर टाकलंच, 'मी असतो तर'. वाक्य अर्धं होतं, पण सगळ्यांनी पूर्ण वाचलं असणार. मग पुढे करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटर, रेंज नाही. बाहेर पडेपर्यंत मी ते डिलीट करायचं ठरवलं होतं आणि केलंही. पुतण्याने नंतर विचारलं, काय लिहिलं होतंत? मी खरं सांगितलं. तो म्हणाला, 'माहितीये.'

तुम्ही उपाय विचारलाय, तर मी पाळतो ते सांगतो. कुरकुर तोंडाशी आली की बघायचं, समोरचा माणूस यात काही करू शकतो का? नसेल करू शकत तर त्याला सांगायचं नाही. बायको धाकट्याला वेळेवर आणू शकत नव्हती, तरी वीस वर्षं ऐकत तीच होती. आणि मागायचं तर नाव घेऊन मागायचं, तारीख सांगून मागायचं. 'सिलिंडरचं कोणीतरी बघा' हे मागणं नाही, ती कुरकुरच. 'गुरुवारपर्यंत सिलिंडर नोंदव' हे मागणं. पुढे त्याने ते आपल्या पद्धतीने केलं तर हात बांधून बसायचं. माझ्या मते सगळ्यात अवघड हेच. बोलायचं धाडस त्यापुढे काहीच नाही. तवशी डावीकडेच हवी होती, हे मत मी अजून बदललेलं नाही.

माझे मेहुणे म्हणतात की घरात एक तरी कडक माणूस लागतोच, नाहीतर कारभार बसतो. त्यांच्या घरी दोन्ही मुलं दिवाळीला फोन करतात, येत नाहीत. मी त्यांना हे तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

एक राहिलं, खरं तर आधी लिहायला हवं होतं. हे सगळं बऱ्यापैकी सरळ माणसांच्या घराला लागू. तुमच्या घरात कोणी हात उचलत असेल, दारू पिऊन पैसे उडवत असेल, तर पडवीत बसून मोकळं बोलायचं वगैरे विसरा; आधी ११२ ला फोन, मग विश्वासातला माणूस. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विसर पडत असेल तर त्याची औषधं आपल्या हातात ठेवणं ही दादागिरी नव्हे, ती ठेवावीच लागतात. तुमच्या प्रश्नात यातलं काही दिसलं नाही, म्हणून मी आपला माझं लिहीत गेलो.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे १२ तारखेच्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला सकाळी आठला उघडणार. पुतण्याला मी हे एकदा सांगितलंय. तो 'हो' म्हणाला. माझ्या मोबाईलवर १४ जुलैचा पावणेआठचा गजर लावलेला आहे, तो काढावा की नाही यावर आमच्या घरी सध्या बायकोचं एक मत आहे आणि माझं दुसरं.