सफेद मुसळी सुकली, आता पाणी थांबवा

शहाद्याहून प्रश्न आला आहे: परसात निंबाखाली जूनमध्ये लावलेली सफेद मुसळी सप्टेंबरअखेर पिवळी पडून आडवी झाली, पाणी वाढवूनही सावरली नाही. यावलहून विचारणा आहे की केळीच्या सावलीत ती लावता येईल का.

मुसळी मेलेली नाही. सातपुड्याच्या सागवनातली ही बहुवर्षायू वनस्पती पावसाळ्यात पानावर असते आणि पुढे जमिनीखाली विश्रांती घेते. या काळात पाणी दिले तर मुळे कुजतात, खानदेशच्या काळ्या जमिनीत तर हमखास. पाणी बंद करा आणि एक झाड उकरून पाहा. मुळे टणक असतील तर तशीच राहू द्या. मऊ पडून वास येत असेल तर तेवढी झाडे मातीसकट काढून टाका. नोव्हेंबर-डिसेंबरात मुळांची साल गडद तपकिरी झाली की काढणी करा. साल काढून चार-पाच दिवस वाळवा. एक किलो ओल्या मुळांपासून साधारण २०० ग्रॅम सुकी मुसळी मिळते.

केळीत लावू नका. सावली मिळेल, पण तिथे ठिबक थांबत नाही.

बेण्यासाठी मुळांचे काही घोस साल न काढता कोरड्या वाळूत, थंड जागी ठेवा. लावताना प्रत्येक तुकड्याला वरच्या गड्ड्याचा, म्हणजे मुळे जिथे जुळतात त्या भागाचा, डोळा हवाच. नुसते मूळ पुरले तर उगवत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. वाफा एक फूट उंच करा, माती भारी असल्यास वाळू मिसळा. १० चौरस मीटरला २० ते २५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत पुरते. अंतर ३० बाय १५ सेंटिमीटर ठेवा, डोळा वर करून उथळ लावा.

निंबाची विरळ सावली चांगली, पण पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री त्याच झाडावर जमतात आणि खालच्या मातीत अंडी घालतात. पुढे अळ्या मुळे खातात. म्हणून त्या आठवड्यात रात्री फांद्या हलवून भुंगेरे पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. कच्चे शेणखत घातले तर हुमणीला आमंत्रणच. वाफा खोडाला लागून नको, घेराच्या कडेला पूर्वेकडे घ्या, म्हणजे सकाळचे ऊन मिळेल.

कोवळ्या पानांची भाजी छान होते खरी, पण बेण्याच्या झाडांची पाने खुडू नका. मुळे बारीक राहतात.